निऱ्यांवरून घेतलेलं माप

माझ्या सासूबाईंचं नाव सुंदराबाई. मी त्यांना आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्या खानदेशात तशीच पद्धत आहे. आत्या चौसष्ट वर्षांच्या. गेली बावीस वर्षं सुरतेतल्या बमरोलीच्या एका साडीच्या कारखान्यात त्या घडी घालायच्या टेबलाला उभ्या आहेत. 'उभ्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या टेबलाला स्टूल नाही, आणि कोणी आणून ठेवलं असतं तरी आत्यांनी त्यावर साड्यांचा गठ्ठा ठेवला असता.

शिंदखेड्याकडून लग्न होऊन त्या सुरतेला आल्या तेव्हा मामा लूमवर कापड विणत होते. लूमच्या खडखडाटाने मामांचे कान गेले आणि पुढे ते ह्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. मामांचं नाव लोटू. कानाने कमी असले तरी जिभेने अजिबात कमी नाहीत. मीही तिथेच, खालच्या मजल्यावर पिशव्यांना लेबलं चिकटवते. म्हणजे मी हे जे सांगते आहे ते ऐकीव नाही, डोळ्यांसमोरचं आहे. ते सांगताना मला आजही राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आत्यांचा दुसरा धंदा शिवणाचा. संध्याकाळी घरी ब्लाऊज, परकर, पोरींचे झगे. त्यांची एक लांबट वही आहे, पिवळी पडलेली. त्यात गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं आहेत. छाती, कंबर, बाहीची लांबी, दंडाचा घेर. एकीचं माप बदललं की जुन्यावर एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. ती वही उघडली की आत्या डॉक्टरासारख्या बोलायला लागतात.

"हाई मंदा दख," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. मंदाबाई म्हणजे टेबलावरच्या त्यांच्या जोडीदारीण. "दंड बारा व्हता, आते दहा. कंबर तीस व्हती, आते अडतीस. वजन तेवढंच शे. मांस गये नि चरबी उनी."

म्हातारपणात काटा तेवढाच राहतो, पण हातापायांचं मांस जातं आणि पोटावर चरबी येऊन बसते. हे त्यांना कुठल्या पुस्तकातून नाही, टेपने कळलं होतं. म्हणून तर पुढे जे झालं ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं.

उन्हाळ्यात एक म्हातारा हमाल जिन्यात चक्कर येऊन पडला. वाचला, पण माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने कारखान्याला अट घातली की साठीच्या वरच्या सगळ्या कामगारांची तब्येत तपासा. अट वाईट नव्हती. ती आमच्या सुपरवायझरच्या हातात पडली तेव्हा वाईट झाली. सुपरवायझर म्हणजे ललित. हा आमच्याकडचाच, धुळ्याकडचा, घरी आमच्यासारखंच बोलणारा, पण मालकाच्या मुलासमोर, छोट्या शेठसमोर, गुजराती असं फाडफाड बोलतो की त्याच्या आईलाही ओळखू येऊ नये. त्याने ठरवलं की तपासणीत ज्यांच्या अंगात चरबी जास्त निघेल त्यांना एक तारखेपासून 'आराम'. आराम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. घडीचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, जिना चढावा लागतो, उद्या कोणी पडलं तर कोणाच्या गळ्यात? असं त्याचं म्हणणं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तपासणी झाली. दवाखान्यातून पूजा नावाची एक मुलगी आली होती, बाविशीची असेल. आईबाप नंदुरबारचे, पण ती सुरतेतच वाढलेली आणि बोलते हिंदी. मुलगी वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. तिने भिंतीवर उंचीची पट्टी चिकटवली, हातात टेप घेतला. हिशोब सोपा होता. उंचीला कमरेच्या मापाने भागायचं, वीसने गुणायचं आणि बायकांसाठी तो आकडा शहात्तरमधून वजा करायचा, पुरुषांसाठी चौसष्टमधून. जे उरेल ती अंगातली चरबी, शंभरात किती ती. अंदाजच, पण मशीन नाही, सुई नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी बरं. बायकांची मर्यादा एक्केचाळीस ठरवली होती, पुरुषांची तीस.

सगळं गोदामात, उघड्यावर. बायका आणि पुरुष एकाच रांगेत, पलीकडे गठ्ठे उचलणारी पोरं बघताहेत. आता चार परक्या पुरुषांसमोर कोणती बाई पोटावरची साडी सैल करेल? पूजाने भिडेखातर टेप साडीवरूनच फिरवला. निऱ्यांवरून, परकराच्या गाठीवरून, कनवटीवरून. पुरुषांच्या वेळी तर तेवढंही नाही. तिने विचारलं, "अंकल, कमर कितनी?" आणि प्रत्येकाने आपल्या पँटचा नंबर सांगितला.

आणि ललितने काय करावं? तो प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचत होता.

"लोटू, पंचवीस. पास!" मामांनी गेटवरच्या पोरांकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

"सुंदराबाई, चव्वेचाळीस!"

पोरं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "तूप का डब्बा." आत्या वळल्या. पदर नीट केला, जिना चढून वर गेल्या आणि सुट्टी होईपर्यंत घड्या घालत राहिल्या. एकूण पाच बायका यादीत आल्या. पुरुष एकही नाही. नऊच्या नऊ पुरुष तरणेबांड निघाले, ज्यातले चार जण जिन्याच्या प्रत्येक वळणावर उभे राहून धाप टाकतात.

घरी आल्यावर आत्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि मग कमरेची कनवटी सोडली. मी समोर बसले होते. कनवटीतून एकेक वस्तू बाहेर आली. किल्ल्यांचा जुडगा. मिश्रीची डबी. बटणांचा लहान मोबाईल. अडीअडचणीच्या गोळ्यांची पुडी, देवीचा अंगारा, आणि शेवटी टाचण्या लावलेली कापडाची गुंडाळी. सगळं चटईवर मांडून आत्या त्याच्याकडे बघत बसल्या.

"गायत्री," त्या हळूच म्हणाल्या, "तिनी हाई बठ्ठं मोजं."

हे सगळं तिने कमरेत धरलं होतं. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "चाळीस वरीस व्हयनात माले शिवाले. निऱ्यावरथीन माप लिधं असतं तर एक तरी परकर बसता का?"

त्यांनी आत जाऊन, साडी सोडून, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला टेप लावला. तेहतीस इंच. पूजाने लिहिलेलं त्याहून सव्वाचार इंच जास्त. मी मोबाईलवर हिशोब केला, तिने लिहिलेली उंची धरून. चाळीस आलं. मी टाळीच वाजवली. "आत्या, तुम्ही पास!"

मामा खाटेवर बसून ऐकत होते. एरवी त्यांना काही ऐकू येत नाही, पण त्यांच्या कामाचं असलं की सगळं ऐकू येतं. संध्याकाळपासून ते 'पंचवीस, पंचवीस' करत आत्यांना चिडवत होते. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. कारण आत्यांची नजर त्यांच्या पोटावर गेली होती.

मामांची पँट चौतीसची. तीस वर्षं चौतीसचीच. ती ते बांधतात कुठे, तर पोटाच्या खाली, जवळजवळ मांडीवर. पोट त्या पट्ट्यावरून पुढे लोंबतं. पायांच्या मात्र काड्या झालेल्या. दर दोन वर्षांनी आत्या पँटचा मागचा भाग आत घेतात, कारण तिथे भरायला काही उरलेलं नाही. वहीत मामांचंही पान आहे, फक्त त्यावरच एकही रेघ नाही. '३४' लिहिलंय, तसंच आहे.

"गप ऱ्हाय," मामा म्हणाले. चिडवणं संपलं होतं. "तू बोलनी तर त्या मन्हं बी हाडवर मोजतीन. दोन्ही घर बसूत. आपलामाधला एक तरी ऱ्हाई."

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण चाळीस वर्षं ज्या बाईने घर ओढलं तिला 'तू घरी बस, मी राहतो' म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

आत्यांनी सगळ्या वस्तू परत कनवटीत भरल्या. "मी तुमनं नाव लेवाव नही," त्या म्हणाल्या. "पन मन्हं माप मी खोटं ऱ्हावू देवाव नही." आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा सगळ्यांची रक्तातली साखर तपासायला पुन्हा आली होती. आत्या जिना न चढता सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गळ्यात स्वतःचा टेप. ललित धावत आला. "मावशी, तुमचं झालंय. वर जा नाहीतर घरी जा."

"मन्हं माप चुकं शे. परत ले."

"सगळ्यांचंच चुकलंय असं म्हणायला लागलो तर—"

"सगळासनं मी म्हनी ऱ्हायनू का? मन्हं म्हनी ऱ्हायनू."

पूजाने त्यांच्याकडे बघितलं. "क्या गलत हुआ, मौसी?"

आत्यांनी तिचा हात धरला आणि आमच्या लेबलांच्या खोलीत नेलं. दाराला मी उभी राहिले. आत्यांनी कनवटीतल्या वस्तू एकेक करून पूजाच्या हातात दिल्या. मोबाईलपर्यंत पोचल्या तेव्हा पूजा हसायला लागली होती, किल्ल्यांपर्यंत आल्या तेव्हा तिचं हसू गेलं. "सॉरी, मौसी," ती म्हणाली. तिने मग नीट माप घेतलं. चौऱ्याऐंशी सेंटीमीटर, म्हणजे आत्यांचे तेहतीस इंच. बाहेर येऊन ती लिहिणार, तेवढ्यात आत्या भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीपाशी गेल्या.

"हाई बी चुकं शे," त्या म्हणाल्या. "तू काल अंबाडावर पट्टी ठेयी."

मी कपाळावर हात मारला. अंबाड्यामुळे उंची तीन सेंटीमीटर वाढली होती, आणि उंची वाढली की चरबी कमी निघते. ती चूक आपल्या फायद्याची होती, ती सांगायची काय गरज? मी डोळे वटारले, खोकले, पाय आपटला. आत्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सगळ्या गोदामासमोर अंबाडा सोडला. पांढरे, विरळ केस पाठीवर आले. आत्यांना मी पंधरा वर्षांत चारचौघांत मोकळ्या केसांनी पाहिलं नव्हतं. त्या भिंतीला टेकल्या.

"खोटं माप माले नको. मन्हा फायदानं बी नको."

एकशे अठ्ठेचाळीस. पूजाने हिशोब केला. एकदा केला, पुन्हा केला.

"चालीस पॉइंट आठ," ती म्हणाली. एक्केचाळीसच्या आत. जेमतेम, पण आत.

ललितचं तोंड आंबट झालं. "ठीक आहे, मावशी. तुमचं नाव काढतो. जा वर."

आत्या हलल्या नाहीत. अंबाडा घालता घालता म्हणाल्या, "बाकी चार जनीसनं?"

"त्या आल्या का तक्रार घेऊन?"

"त्या लाजतस. मी आनस."

आणि त्यांनी पदर खोचला. आमच्याकडे डाग पडलेल्या, परत आलेल्या साड्यांचा ढीग असतो. त्यातल्या सहा साड्या त्यांनी आणि मी दोरीवर टाकल्या. गोदामाच्या कोपऱ्यात जांभळा, पोपटी, जरीचा असा आडोसा तयार झाला. चौघी एकेक करून आत गेल्या, केस सोडून बाहेर आल्या. तिघी मर्यादेत बसल्या. चौथी मंदाबाई. तिची कंबर खरंच वाढलेली होती. निऱ्या काढून, अंबाडा सोडून, सगळं खरं खरं मोजून तिचा आकडा सेहेचाळीस आला.

मंदाबाईने आकडा ऐकला. तिने केस बांधले आणि डबा घ्यायला वळली. घरी तिचं कोणी नाही, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ललितने चार नावं खोडली आणि पाचव्याखाली रेघ मारली.

"हे तर खरं माप आहे ना मावशी? तुम्हीच घेतलंत ना?"

इथे मला वाटलं आत्या हरल्या. स्वतःच्याच टेपने हरल्या. गठ्ठे उचलणारी पोरंही थांबली. आवाज कमी झाला म्हणून की काय, छोटे शेठही जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"खरं शे," आत्या म्हणाल्या. "मंदानी कंबर मोठी शे. मी वहीमा लिखेल शे, मन्हाकडथीन काय ऐकस? पन मन्हापेक्षा वीस साड्या जास्ती घडी करस ती. रोज. तू मोज ना तिना हात! जिना चढताना तिले कधी थांबेल देखं का?"

पूजा मध्ये बोलली. "सर, ये नंबर बीमारी का अंदाजा है. आंटी को शुगर देखनी चाहिए, चलना चाहिए, बस. इससे किसी का काम नहीं काट सकते. मैंने ऐसा लिखा ही नहीं है."

"काम आम्ही ठरवू," ललित म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा आहे."

सारखा! मी तोंड उघडणारच होते. नऊ पुरुषांच्या पँटचे नंबर माझ्या जिभेवर होते, आणि मी कोणाला शब्द दिलेला नव्हता. पण आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांनी घरी सांगितलं होतं, तुमचं नाव घेणार नाही. त्या शब्दाला त्या जागत होत्या, आणि मंदाबाई डबा घेऊन दाराकडे चालली होती. आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रडू नव्हतं ते, संताप होता.

तेवढ्यात गेटवरून मामा आले.

त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे. पण आत्यांचे मोकळे केस त्यांनी गेटवरून पाहिले असणार. ते सावकाश चालत पूजासमोर आले, तिने कालच्यासारखं काही विचारायच्या आत शर्ट वर केला आणि पट्टा सोडला. पँट घसरू नये म्हणून एका हाताने धरून ठेवली.

"मन्हं बी ले," ते म्हणाले. "हाडवर ले. पोटवरथीन."

"मामा, तुमचं झालंय," ललित म्हणाला. "तुम्ही पास आहात."

"काय?"

"पास आहात!"

"पँट पास व्हयनी," मामा म्हणाले. "मी नही."

पूजाच्या हातातला टेप तिथेच राहिला. तो घेतला आत्यांनी. नवऱ्याच्या पोटाभोवती, सगळ्यांसमोर, त्यांनी टेप फिरवला. चाळीस इंच. पूजाने आकडे टाकले आणि हळू आवाजात वाचलं, "इकतीस पॉइंट दो." मर्यादा तीस.

मामांनी पट्टा बांधला. या वेळी ललितला नव्हे, सरळ छोट्या शेठला म्हणाले, "मंदाबाई जाई तर मी बी जास. मन्हं बी नाव लिखा." आणि मग मागे वळून रांगेतल्या बाकीच्या आठ जणांकडे बघितलं. आठही जण आपापल्या चपलांकडे बघत होते. एकाचा हात हळूच शर्टाच्या बटणाकडे गेला. मग दुसऱ्याचा.

छोटे शेठ गुजरातीत ललितला काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं ते एवढंच, की गेटवर कोण बसणार आणि गठ्ठे कोण उचलणार. ललितने कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. घडी वाकडी होती, आत्यांना बघवली नसावी. 'एक तारखेपासून आराम' हे शब्द त्यानंतर कोणी उच्चारले नाहीत. मंदाबाईने डबा परत खुंटीला अडकवला.

एक तारखेला पाचही जणी टेबलाला होत्या. मंदाबाईची साखर वाढलेली निघाली, पूजाने चिठ्ठी लिहून दिली, आणि आता आत्या तिला रोज सकाळी ओढत चालायला नेतात. मंदाबाई आमच्या नावाने खडे फोडत चालते, पण चालते. ललित आजही आत्यांना मावशी म्हणतो. आत्या त्याला उत्तर देतात, पण त्याच्या बायकोचा ब्लाऊज दोन महिने झाले तरी शिवून दिलेला नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी मामा खाटेवर बसले होते. पंचवीसचा विषय निघाला नाही. आत्यांनी वही काढली, चष्मा लावला आणि मामांच्या नावाचं पान उघडलं. चौतीसवर रेघ मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"नवी पँट शिवस," त्या म्हणाल्या. "पोटवर बांधानी. उभा ऱ्हाय."

मामा उभे राहिले. पोट आत ओढून.

"सोड," आत्या म्हणाल्या.

मामांनी पोट सोडलं. आत्यांनी टेप फिरवला, एक बोट सैल ठेवलं, आणि चौतीसच्या शेजारी चाळीस लिहिलं.